मांडीवरचं तिकीट

परदेशी जाणाऱ्या विमानात दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मोठ्या माणसाच्या भाड्याच्या साधारण १० टक्के पैसे पडतात. तेवढ्यात खुर्ची मिळत नाही. त्याच्या नावाचा एक कागद मिळतो आणि कुणाची तरी मांडी. दुसरा वाढदिवस उलटला की मात्र खुर्ची घ्यावीच लागते, आणि तिचा भाव ऐकून बसलेला माणूस उभा राहतो. बँकेत ३४ वर्षं काढलेल्या माणसाला हा फरक दोनदा समजावून सांगावा लागत नाही. नातवाचा दुसरा वाढदिवस १९ दिवसांवर आलेला असताना आम्ही मुंबईहून न्यूयॉर्कचं विमान पकडलं. हा मुहूर्त पंचांगातला नव्हता, दरपत्रकातला होता, आणि तो मी स्वतः काढला होता.

मांडीही माझीच निघाली.

नातवाला घरात ठोंब्या म्हणतात. पासपोर्टवरचं नाव फार सुंदर आहे, पण त्या नावाने हाक मारली तर तो वळून बघत नाही. कन्या त्याला घेऊन दोन महिन्यांसाठी पुण्याला आली होती. जावई पंधरा दिवसांत रजा संपवून परत गेले. परतीच्या वाटेवर एकटीने हे प्रकरण झेपणार नाही म्हणून "आई, बाबा, तुम्हीपण चला, तेवढीच मदत," असं ठरलं. १२,५०० किलोमीटर, सलग १६ तास. रात्री दोनला निघायचं आणि त्याच तारखेला सकाळी साडेसातला पोचायचं. घड्याळाच्या हिशेबाने साडेपाच तास. मांडीच्या हिशेबाने १६.

जायच्या आधी महिनाभर घरात एकच प्रचार चालू होता. "आपण कशात बसायचं?" "विमान!" ठोंब्याने ही बातमी वॉचमनला, इस्त्रीवाल्याला आणि दारात आलेल्या प्रत्येक कुरियरवाल्याला दिली. लोहगावहून उडालेलं विमान गच्चीवरून दिसलं की आम्ही त्याला कडेवर घेऊन दाखवायचो. "ते बघ विमान. त्यात बसायचं." तो दोन्ही हात वर करायचा आणि विमान दिसेनासं होईपर्यंत खाली घ्यायचा नाही.

कन्या तिकडे प्रोजेक्ट मॅनेजर आहे. तिने प्रवासाची एक्सेल शीट केली होती. अर्ध्या अर्ध्या तासाच्या ३२ ओळी. स्टिकरचं पुस्तक (आजी). ठोकळे (आई). फेरफटका (बाबा). मी ऑडिटच्या सवयीने मोजलं तर १३ ओळींत "बाबा" होतं. झोपेला हिरवा रंग होता, आणि शीटवर हिरवळ भरपूर होती. एकूण ११ ओळी, म्हणजे साडेपाच तास. बँकेत अशा रकमेला आम्ही येणं म्हणून दाखवायचो आणि बुडीत म्हणून ओळखायचो.

सौभाग्यवतींची योजना एका ओळीची होती. सहाणेवर जायफळाचे दोन वेढे. "दुधातून द्यायचे. न्यूयॉर्क आलं की उठेल." डॉक्टरांनी जायफळाला नाही म्हटलं. झोप यावी म्हणून सर्दीचं औषध देतात, त्यालाही नाही म्हटलं. काही मुलांना त्याने झोप येण्याऐवजी उलट चेव येतो म्हणे. ठोंब्याला चेव यायला औषध लागत नाही, हे डॉक्टरांना त्या दहा मिनिटांतच कळलं असावं, कारण त्यांचा स्टेथोस्कोप त्याच्या तोंडात होता.

"तू जायफळावरच वाढलीस," सौ. दवाखान्याच्या जिन्यात कन्येला म्हणाली.

"म्हणूनच मला अजून दुपारी झोप येते," कन्या म्हणाली.

प्रत्यक्षात ठोंब्या वाकडला टॅक्सीत झोपला तो सहारला उठला. चार तास. शीटवरची हिरवळ अशी एक्सप्रेसवेवरच चरून झाली. रात्री दहा वाजता टर्मिनल दोनमध्ये मोराच्या पिसांसारखं छत बघत आम्ही तिघं जांभया देत होतो आणि तो सकाळी सातला उठलेल्या माणसाच्या उत्साहाने ट्रॉली ढकलत होता.

सिक्युरिटीला तुपाची बरणी अडली. २००६ साली लंडनहून निघणारी विमानं उडवण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून हातातल्या सामानात द्रव पदार्थ १०० मिलिलिटरच्या आत लागतात. बाळाच्या दुधाला, खाण्याला सवलत असते. पण तूप हे बाळाचं खाणं का, आणि मुळात ते द्रव का, असा दुहेरी प्रश्न उभा राहिला. विमानातल्या हवेत दमटपणा जेमतेम १०-२० टक्के असतो, पोराचं नाक कोरडं पडतं, म्हणून आत तुपाचं बोट फिरवायचं, हे सौ.ने हिंदीत सांगितलं. तिच्या हिंदीत बोटाची होडी झाली. मग तिने पदर खोचून बरणी सरळ उलटी धरली. डिसेंबर महिना, वर एसी. तूप थिजून रवाळ झालेलं. थेंब हलला नाही. समोरचा साहेब क्षणभर बरणीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "जाइए, माताजी."

विमानात शिरलो ते त्या बंद बोळकांड्यातून. एका इमारतीतून निघून दुसऱ्या खोलीत गेल्यासारखं. ठोंब्याने विचारलं, "विमान?" मी म्हटलं, "हे काय, आलंच."

आमची रांग सगळ्यात पुढची, समोर भिंत, कारण भिंतीला पाळणा लावतात. तो मिळाला म्हणून कन्या आठवडाभर खूश होती. या रांगेचं वैशिष्ट्य असं की पुढे खुर्ची नाही, म्हणून पायाशी पिशवी ठेवता येत नाही. उडताना आणि उतरताना सगळं वर. म्हणजे पोर जेव्हा घाबरतं, तेव्हा त्याची खेळणी डोक्यावरच्या कुलूपबंद कपाटात आणि आपण पट्ट्यात. माझ्या पट्ट्याला त्याचा छोटा पट्टा अडकवला, आणि १० टक्क्यांचा व्यवहार अमलात आला.

पाळण्यात तो वजनाने जेमतेम बसला, लांबीने बसला नाही. गुडघे बाहेर. तरी दीड तासाने एकदा डोळा लागला. कन्येने हिरव्या ओळीवर टिक केली. तेवढ्यात "टिंग" झालं. विमान हलायला लागलं की पट्ट्याचा दिवा लागतो, आणि दिवा लागला की पाळण्यातलं मूल उचलून मांडीवर घ्यायचं, हा नियम. बरोबरच आहे नियम. मूल छताला लागण्यापेक्षा जागं झालेलं बरं. पण त्या रात्री "टिंग" आणि ठोंब्याची झोप यांचं काही जुनं वैर असावं. चार वेळा डोळा लागला, चार वेळा टिंग. पाचव्यांदा त्याने वेळ वाया घालवला नाही, झोपलाच नाही.

सिपरचं प्रकरण मात्र आमच्या अज्ञानातून झालं. जमिनीवर घट्ट बंद केलेल्या सिपरमध्ये जमिनीवरची हवा असते. वर गेल्यावर केबिनमधला दाब तेवढा ठेवत नाहीत. ६ ते ८ हजार फुटांवर डोंगरात असावा तेवढा ठेवतात. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. म्हणजे विमानातला प्रत्येक जण, मधुमेही, गुडघेदुखीवाला, ओट्यापासून टेबलापर्यंत चालायला कुरकुरणारा, कळसूबाईच्याही वर बसलेला असतो, लोखंडी शिड्या न चढता. आतली हवा बाहेर यायला आसुसलेली. सौ.च्या पर्समधली चिवड्याची पिशवी फुगून उशीएवढी झाली होती, ती बघून तरी आम्ही शहाणं व्हायला हवं होतं. ठोंब्याने सिपरचं झाकण वर केलं आणि नळीतून दुधाचं कारंजं उडालं. शेजारच्या खुर्चीवर एक तरुण होता, कानांवर भलेमोठे हेडफोन, पांढरा शर्ट. शर्ट पांढरा होता हे त्यातल्या त्यात. "इट्स ओके, अंकल," तो म्हणाला आणि डोळे मिटले. ठोंब्या मात्र मनापासून हसला. प्रवासातलं त्याचं हे पहिलं हसू, आणि ते शीटमध्ये नव्हतं.

जेवण आलं. वरणभात कन्येने थर्मासमधून आणला होता, वर आजीचं तूप. घास भरवायची आमच्याकडे एकच पद्धत आहे: एक घास काऊचा, एक घास चिऊचा. ठोंब्या हुकमी खिडकीकडे बघतो, कावळा दिसला की तोंड उघडतो. इथे खिडकी चार माणसं ओलांडून पलीकडे, काचेबाहेर मिट्ट काळोख, आणि उंची ३५,००० फूट. कावळा इतक्या वर येत नाही. पक्ष्यांपैकी इतक्या वर कोण येतं हे मला एका वाचलेल्या गोष्टीमुळे माहीत होतं. १९७३ साली आफ्रिकेत आयव्हरी कोस्टवर ३७,००० फुटांवर एका विमानाला गिधाड धडकलं होतं. मी ते सांगितलं. सौ.ने माझ्याकडे असं पाहिलं की "एक घास गिधाडाचा" हे शब्द मी गिळले. तेवढंच काय ते त्या वेळी कुणी गिळलं.

आमच्या लहानपणी पोराला प्रवासात रमवणं हा विषयच नव्हता. डेक्कन क्वीन १९३० पासून धावते आहे, तिच्यात कुणी ठोकळ्यांचा डबा नेल्याचं मी ऐकलेलं नाही. मुंबईहून पुण्याला येताना कर्जतला वडे, मागून इंजिन जोडल्याचा धक्का, मग बोगदे. बोगद्यात पोरांनी ओरडायचं असतं आणि मोठ्यांनी ओरडू द्यायचं असतं. मग मंकी हिल, मग लोणावळ्याची चिक्की. दर दहा मिनिटांनी रेल्वे स्वतःच काहीतरी दाखवायची. आणि मांडी तेव्हाही होती, पण ती सार्वजनिक होती. आईने पोर समोरच्या अनोळखी बाईकडे द्यायचं, तिने शेजारणीकडे, आणि शिवाजीनगर आलं की सगळ्या डब्यातून हुडकून परत घ्यायचं. गालाला कुणाचं तरी कुंकू, हातात कुणाचा तरी पेरू. विमानात मात्र चारशे माणसं आणि प्रत्येकाच्या कानात बोळे. खिडकीबाहेर १६ तासांत काहीही घडत नाही. घडलंच तर ते बातम्यांत येतं.

"विमान पायजे," ठोंब्या म्हणाला आणि रडायला लागला.

कन्येने त्याच्यासाठी दहा खेळणी रंगीत कागदात गुंडाळून आणली होती. दर तासाला एक पुडी, म्हणजे नवलाई टिकते. चौथ्या पुडीत लाकडी विमान होतं. ती आधी काढून दिली. त्याने ते फेकलं आणि कागद ठेवून घेतला. स्टिकरचं पुस्तक वीस मिनिटं चाललं. कोंबडी सौ.च्या पर्सवर गेली, बदक सीटच्या हातावर, बाकीचे प्राणी भिंतीवर. पुन्हा "विमान पायजे." कन्या म्हणाली, "ओव्हरटायर्ड झालाय." मी म्हटलं, "भूक लागली असेल." सौ. म्हणाली, "जायफळ."

मग माझ्या ओळी सुरू झाल्या. फेरफटका. आम्ही दोघं एका गल्लीने मागे जायचो, दुसरीने पुढे यायचो. मागे जाताना आम्ही चक्क मुंबईच्या दिशेने चालत होतो आणि तासाला ९०० किलोमीटरने उलटं जात होतो. नोकरीतल्या शेवटच्या काही वर्षांची आठवण झाली. प्रत्येक पडद्यापाशी थांबून ठोंब्या तो बाजूला करायचा, आत डोकवायचा आणि विचारायचा, "विमान कुठाय?"

"हेच की विमान."

सर्व्हर डाउन आहे असं सांगितल्यावर खातेदार काउंटरवरच्या माणसाकडे बघतो, तसा तो माझ्याकडे बघायचा.

संडासात मी त्याला नेलं ते लंगोट बदलायला. त्या खोलीत माणूस एकतर वळू शकतो किंवा वाकू शकतो. भांड्यावर भिंतीतून एक फळी खाली येते, तिच्यावर पोर ठेवायचं, एका हाताने पोर धरायचं, दुसऱ्याने लंगोट, तिसऱ्याने पुसायचा कागद. हे झाल्यावर मी बटण दाबलं. विमानातल्या संडासात पाणी जवळजवळ नसतंच. हवेच्या दाबाच्या फरकाने सगळं ओढून नेतात, आणि तो आवाज एखाद्या राक्षसाने सूप भुरकल्यासारखा येतो. मला वाटलं, आता हा किंचाळणार. ठोंब्याचे डोळे विस्फारले. "आबा, पुना."

मी पुन्हा दाबलं. "पुना." मी मोजत होतो, अकराव्या वेळी दारावर टकटक झाली. बाहेर सहा जणांची रांग होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या प्रकृतीविषयी खरी काळजी होती. पुढच्या बाईंनी मराठीतच विचारलं, "ओवा देऊ का?"

त्या साताऱ्याच्या निघाल्या. सुनेच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला चालल्या होत्या, पिशवीत डिंकाचे लाडू. पुढच्या पाच मिनिटांत त्यांच्या चुलत जाऊबाईंचे भाऊ आमच्याच बँकेच्या कराड शाखेत होते हे निष्पन्न झालं. त्या म्हणाल्या, "द्या इकडे त्याला, तुम्ही जरा पाठ टेका." आणि त्यांनी ठोंब्याला कडेवर घेऊन मागच्या रांगांत नेलं. तिथे बाळंतपणाला निघालेल्या अजून दोघी होत्या, एक नांदेडच्या, एक बडोद्याच्या. अर्ध्या तासाने मी शोधत गेलो तर तो तिसऱ्या मांडीवर होता, हातात लाडवाचा तुकडा, समोर टाळ्यांचा खेळ. कर्जत गेल्यासारखं वाटलं. मी जागेवर येऊन पाय पसरले आणि उजव्या मांडीत मुंग्या आल्या, म्हणजे ती अजून होती.

नवव्या तासाला तो परत आला आणि कन्येच्या तत्त्वाची वेळ भरली. दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नाही, हे आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही सांगितलेलं आहे आणि कन्येने ते २३ महिने पाळलं होतं. १९ दिवसांसाठी मोडायचं का, यावर मायलेकींची खालच्या आवाजात चर्चा झाली. शेजारच्या तरुणाने हेडफोन काढले, स्वतःचा पडदा ठोंब्याकडे वळवला आणि नकाशा लावला. निळा समुद्र, तपकिरी जमीन आणि वर एक छोटं पांढरं विमान.

"विमान!" ठोंब्या ओरडला. तब्बल ४० मिनिटं तो ते बघत बसला. विमान हलत नव्हतं. तो त्याला बोट लावून ढकलत होता. मला वाटलं, चला, एकदाचं समजलं याला. मग त्याने त्या तरुणाला गंभीरपणे विचारलं, "हे कधी येणार?"

"दॅट्स अ गुड क्वेश्चन," तरुण म्हणाला. त्याला मराठी किती कळत होतं कोण जाणे.

उतरायला ५० मिनिटं उरली असताना ठोंब्या झोपला. पाळण्यात नाही, माझ्या मांडीवर, तोंड उघडं टाकून, गाढ. कन्येने सुटकेचा श्वास सोडला आणि अर्ध्यातच थांबवला. कारण डॉक्टरांचा शेवटचा नियम सगळ्यांना पाठ होता. विमान खाली येताना दाब वाढत जातो. कान आणि घसा जोडणारी नळी लहान मुलांत अरुंद असते, आडवी असते. गिळलं की ती उघडते आणि दाब सारखा होतो. झोपेत मूल फारसं गिळत नाही, मग कान दुखून किंचाळत उठतं. म्हणून उतरताना जागं ठेवायचं आणि घोट घोट पाणी पाजायचं. गोळी-खडीसाखर नाही, ती घशात अडकते.

म्हणजे १५ तास ज्याला झोपवण्यासाठी तीन पदवीधर माणसं झटत होती, त्याला आता उठवायचं होतं.

"बाबा, तुम्ही उठवा."

"तू आई आहेस."

"तुमच्या मांडीवर आहे."

मी सौ.कडे पाहिलं. ती डोळे मिटून जप करत होती. सोळा तासांत तिने प्रथमच जप काढला होता. शेवटी मी त्याच्या तळव्याला गुदगुल्या केल्या. पुढची २५ मिनिटं तो पाणी प्यायला आणि रडला, रडला आणि पाणी प्यायला. दोन्हींनी गिळणं होतं, तेव्हा वैद्यकीय दृष्ट्या सगळं उत्तम पार पडलं. मागून साताऱ्याच्या बाईंचा आवाज आला, "रडू द्या हो, छाती मोकळी होते." चाकं टेकली तेव्हा टाळ्या वाजल्या. वैमानिकाला असाव्यात.

इमिग्रेशनला अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग कपाळाच्या वर कुठेतरी बघत राहिला. बोटांचे ठसे, फोटो, किती दिवस राहणार, सगळं त्याने विचारलं, पण नजर तिथून हलेना. बाहेर आल्यावर काचेत बघितलं. माझ्या टकलावर मधोमध एक गाय होती. तपकिरी, गळ्यात घंटा. स्टिकरच्या पुस्तकातली. म्हणजे ती अकरा तास तिथे होती, आणि अमेरिकन सरकारच्या दप्तरी आता माझा फोटो तिच्यासकट आहे.

"तुला दिसत नव्हती?" मी सौ.ला विचारलं.

"दिसत होती. काढली असती तर तो रडला असता."

जावई पार्किंगमध्ये गाडी घेऊन उभे होते. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. अमेरिकेत गाडीत मूल मांडीवर चालत नाही. त्याची वेगळी खुर्ची लागते. जावयांनी ठोंब्याला त्या खुर्चीत बसवलं, एकेक पट्टा लावला आणि लाडाने विचारलं, "काय रे, विमानात मज्जा आली का?"

ठोंब्याने मान हलवली. "नाई."

"का?"

"विमान नाई आलं."

तेवढ्यात डोक्यावरून एक विमान खरोखरच गेलं, इतक्या खालून की गाडीच्या काचा थरथरल्या. ठोंब्याने पट्ट्यांतून दोन्ही हात जमतील तेवढे वर केले आणि आमच्याकडे असं बघितलं की आमच्यापैकी कुणालाही त्याच्या नजरेला नजर देता आली नाही.

गाडी हायवेला लागायच्या आत तो झोपला. कुठेही टिंग झालं नाही. थोड्या वेळाने कन्या पुढच्या सीटवरून हळूच म्हणाली, "बाबा, पुढच्या दिवाळीला भारतात यायचं तर त्याचं पूर्ण तिकीट पडेल हो. खुर्चीसकट."

"घे," मी मांडी चोळत म्हटलं. "माझ्या पैशांनी घे."